पाचवीच्या धड्यातला न सुटलेला प्रश्न



पाचवीच्या गणितात त्रिमितीय वस्तूंच्या मागोमाग ‘घडण’ हा शब्द येतो. घन, इष्टिकाचिती, वृत्तचिती, शंकू, सूची ही नावे पाठ करून घ्यायची, पृष्ठे, कडा आणि शिरोबिंदू मोजून घ्यायचे, आणि मग खोका उलगडून सपाट केल्यावर जो आकार मिळतो ती त्या खोक्याची घडण, एवढे सांगून पुढच्या प्रकरणाकडे वळायचे. बहुतेक वर्गांत असेच चालते. परीक्षेत एखाद-दुसऱ्या गुणाचा प्रश्न, म्हणून फार वेळ कोणी घालवत नाही.

मी काही गणिताचा पदवीधर नव्हे. बी. ए. ला इतिहास घेतला होता. पण शाळा लहान असली की जो विषय समोर येईल तो शिकवावा लागतो, त्यामुळे गणितही बरीच वर्षे माझ्या वाट्याला आले. इतिहासाच्या माणसाला एक खोड असते. कोणतीही गोष्ट समोर आली, की ‘हे पहिल्यांदा कोणी केले असेल?’ असे त्याच्या मनात आल्याशिवाय राहत नाही. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा घडणीच्या बाबतीत हा शोध घेतला. तो मला पाचशे वर्षांपूर्वीच्या जर्मनीत, न्यूरेंबर्ग शहरात घेऊन गेला. आणि गंमत अशी की तिथे फक्त उत्तर मिळाले नाही, एक प्रश्नही मिळाला. त्या प्रश्नाचे उत्तर आजही जगात कोणाकडे नाही!

पण न्यूरेंबर्गला जाण्याआधी एक खोका हातात घेऊ.

घनाकृती खोक्याला ६ पृष्ठे, १२ कडा आणि ८ शिरोबिंदू असतात. खोका उलगडायचे दोन नियम. कात्री फक्त कडेवरूनच चालवायची, आणि शेवटी हातात एकच अखंड तुकडा राहिला पाहिजे. आता सांगा, किती कडा कापाव्या लागतील? कुठूनही सुरुवात करा, कसेही कापा, उत्तर ७ च येते. कारण सोपे आहे. ६ चौरस एकमेकांना धरून राहायला ५ बिजागऱ्या पुरतात. सहावी बिजागरी ठेवलीत तर चौरसांचा कुठेतरी वेढा तयार होतो आणि कागद जमिनीवर सपाट पडत नाही. म्हणून १२ मधून ५ वजा केले की ७.

आता या ७ कडा निवडण्याचे मार्ग पुष्कळ आहेत, पण फिरवून किंवा उलटून सारखे होणारे आकार एकच धरले तर घनाच्या बरोबर ११ वेगवेगळ्या घडणी निघतात. ६ समान चौरस कडेला कडा लावून ३५ प्रकारे मांडता येतात. त्यांपैकी ११ मांडण्या घडी घातल्यावर खोका होतात, उरलेल्या २४ होत नाहीत. पुस्तकात बहुधा क्रूसासारखी एकच घडण छापलेली असते, त्यामुळे मुलांना वाटते की घनाची घडण म्हणजे तीच.

खोका साधाच आहे. चार त्रिकोणांनी बनलेल्या नियमित सूचीच्या तर फक्त २ घडणी निघतात. पण बारा पंचकोनांनी बनलेली नियमित आकृती घेतली की हा आकडा एकदम ४३,३८० वर जातो! एका साध्या धड्याच्या पोटात केवढे काय काय दडलेले असते पाहा.

आता इतिहासाकडे येतो.

घनाकृतींचा अभ्यास फार जुना. युक्लिडने इ. स. पूर्व ३०० च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथाच्या तेराव्या, म्हणजे शेवटच्या भागात पाच नियमित घनाकृती येतात. त्यांच्या सर्व बाजू एकाच मापाच्या. चार त्रिकोणांची, सहा चौरसांची, आठ त्रिकोणांची, बारा पंचकोनांची आणि वीस त्रिकोणांची. सहावी असूच शकत नाही, हेही तिथे दाखवले आहे. पण युक्लिडची घनाकृती मनात बांधायची असते. गोलाच्या आत ती कशी बसते, तिच्या कडेचे गोलाच्या व्यासाशी काय नाते आहे, हा त्याचा विषय. कागद, कात्री, खळ यांचा त्याच्याशी संबंध नाही.

पुढे १५०९ मध्ये व्हेनिसमध्ये लुका पाचोली या संन्यासी गणितज्ञाचे एक पुस्तक छापून निघाले. त्यातल्या घनाकृतींची चित्रे साक्षात लिओनार्दो दा विंची याच्या चित्रांवरून केलेली होती. प्रत्येक आकृती दोन प्रकारे दाखवलेली. एकदा भरीव, आणि एकदा पृष्ठे काढून नुसत्या कडांचा सांगाडा, म्हणजे मागची बाजूही दिसावी. दिवाळीच्या आकाशकंदिलाचा कागद लावण्याआधीचा कामट्यांचा सांगाडा डोळ्यांसमोर आणा, म्हणजे कल्पना येईल. चित्रे अप्रतिम आहेत. पण तीही डोळ्यांसाठी. वस्तू कशी दिसते ते लिओनार्दो दाखवतो. ती हाताने कशी करायची हे त्या चित्रांवरून कळत नाही.

ते दाखवले आल्ब्रेख्त ड्यूरर या न्यूरेंबर्गच्या चित्रकाराने.

ड्यूररचा जन्म २१ मे १४७१ चा. वडील सोनार, हंगेरीतून येऊन न्यूरेंबर्गमध्ये स्थायिक झालेले. मुलगा आधी वडिलांच्याच हाताखाली सोनारकाम शिकला आणि मग एका चित्रकाराकडे उमेदवारी करू लागला. ही सोनारकामाची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पत्रा कापायचा, वाकवायचा, कडेला कडा जुळवायची आणि जोड द्यायचा, हे ज्याच्या बोटांनी लहानपणी शिकून घेतले, त्याला घनाकृतीकडे पाहताना तिचा सपाट पत्रा दिसणे साहजिकच होते.

पुढे तो युरोपभर नावाजला. लाकडावर आणि तांब्यावर कोरून छापलेली त्याची चित्रे गावोगावी गेली. त्याचे १५१४ सालचे ‘मेलेंकोलिया’ हे चित्र अनेकांनी पाहिले असेल. पंख असलेली एक आकृती हातात कंपास घेऊन विचारात बुडून बसली आहे. तिच्या आसपास करवत, रंधा, खिळे, पट्टी अशी सुताराची हत्यारे पडलेली आहेत. भिंतीवर चार ओळींचा जादूचा चौरस आहे. कोणतीही ओळ बेरीज करा, ३४ येतात, आणि तळच्या ओळीत मधल्या दोन घरांत १५ आणि १४ असे चित्राचे सालही बसवले आहे. डाव्या बाजूला एक मोठी, कोपरे छाटलेली दगडी घनाकृती आहे. तिचा नेमका आकार कोणता यावर विद्वानांचा काथ्याकूट अजून चालू आहे. मला मात्र या चित्रात ती घनाकृती आणि सुताराची हत्यारे एकाच जमिनीवर आहेत, याचेच अप्रूप वाटते.

ड्यूरर इटलीला दोनदा गेला. दुसऱ्या फेरीत, १५०७ मध्ये, त्याने व्हेनिसमध्ये एक सोन्याचे नाणे मोजून युक्लिडची लॅटिन प्रत विकत घेतली. तसे त्याने त्या प्रतीवरच लिहून ठेवले आहे. आपल्या देशातले तरुण चित्रकार नुसत्या सवयीने हात बसवतात, त्यांना मापाचे शास्त्र कोणी शिकवत नाही, ही त्याची खंत होती. ती दूर करण्यासाठी त्याने पुस्तक लिहिले. ‘कंपास आणि पट्टी यांच्या साह्याने मापनाचे शिक्षण’ असे त्याच्या लांबलचक जर्मन नावाचे मराठी होईल. ते १५२५ मध्ये न्यूरेंबर्गला छापले गेले. म्हणजे २०२५ मध्ये त्याला पाचशे वर्षे पूर्ण झाली. हे पुस्तक चित्रकारांना तर उपयोगी पडेलच, पण सोनार, मूर्तिकार, पाथरवट, सुतार आणि ज्यांना ज्यांना मापाची गरज पडते त्या सर्वांना उपयोगी पडेल, असे त्याने सुरुवातीलाच म्हटले आहे.

आणि म्हणूनच ते त्याने लॅटिनमध्ये नाही, तर जर्मनमध्ये लिहिले.

वाचकहो, आयुष्यभर मराठी माध्यमात शिकलेल्या आणि शिकवलेल्या माझ्यासारख्याचे मन इथे थोडे रेंगाळते. त्या काळी विद्या म्हणजे लॅटिन. तीनच वर्षे आधी, १५२२ मध्ये, मार्टिन ल्यूथरने बायबलचा नवा करार जर्मनमध्ये आणला होता. पण भूमिती जर्मनमध्ये लिहायची तर शब्द कुठून आणायचे? ड्यूररने ते कारागिरांच्या आणि घरातल्या बोलीतून उचलले. लंबवर्तुळाला त्याने ‘अंड्याची रेषा’ म्हटले. ज्या वक्राचा आरसा केला तर सूर्याचे किरण एका ठिकाणी येऊन जाळ होतो, त्या अन्वस्ताला ‘जाळणारी रेषा’ म्हटले. अपास्ताला ‘काट्याची रेषा’ म्हटले, म्हणजे दोन फाटे फुटलेल्या काट्यासारखी. किती सहज!

अर्थात हातालाही मर्यादा असतात. शंकू तिरका कापला की मिळणारी ती ‘अंड्याची रेषा’ ड्यूररने बिंदू-बिंदू मांडून काढली, तर ती खरोखरच अंड्यासारखी, एका बाजूला फुगीर आली. शंकू खाली रुंद होत जातो, तर छेदही खाली रुंद असणार, असे त्याला वाटले असावे. खरे लंबवर्तुळ दोन्ही टोकांना सारखेच असते. युक्लिडची शिस्त आणि कारागिराची बोटे दोन्ही लागतात, हे यावरून दिसते.

आपले शब्दही काही कमी नाहीत. ‘इष्टिकाचिती’ हा शब्द मुलांना अवघड वाटतो. पण इष्टिका म्हणजे वीट आणि चिती म्हणजे रचलेली रास, हे फोड करून सांगितले की मुले हसून म्हणतात, म्हणजे विटेसारखा आकार! भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त विटांच्या राशींच्या गणितासाठी ‘चितिव्यवहार’ असे वेगळे प्रकरणच आहे. आणि ‘घडण’ हा शब्द तर सोनाराच्या पेढीवर रोज बोलला जातो. ड्यूररला मराठी येत असते तर त्यानेही हाच शब्द निवडला असता असे मला वाटते.

ड्यूररच्या पुस्तकाचे पुढे काय झाले? १५३२ मध्ये पॅरिसला त्याचा लॅटिन अनुवाद निघाला. कारागिरांसाठी लिहिलेले पुस्तक वाचायला विद्वानांना अनुवाद करून घ्यावा लागला. ते पाहायला ड्यूरर मात्र नव्हता. ६ एप्रिल १५२८ रोजी, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी तो गेला होता.

या पुस्तकाच्या चौथ्या भागात घडणी आहेत. पाचही नियमित घनाकृती आणि त्यांच्याखेरीज त्रिकोण, चौरस, षट्कोन अशा मिश्र बाजूंच्या बऱ्याच आकृत्या ड्यूररने उलगडून जमिनीवर पसरल्यासारख्या काढल्या. जाड कागदावर काढा, कापा, दुमडा, की आकृती उभी राहील. छापील पुस्तकात अशा घडणी दाखवण्याचे श्रेय सर्वसाधारणपणे त्यालाच दिले जाते. आपल्या पाचवीच्या पुस्तकातले ते क्रूसासारखे चित्र त्याच्याच वंशातले.

ड्यूररने काढलेली प्रत्येक घडण नीट पसरते. एक बाजू दुसरीवर चढत नाही. अशी घडण नेहमीच निघते का, हे मात्र त्याने विचारले नाही. त्याला आकृती करून दाखवायची होती, ती त्याने दाखवली.

मधल्या काळात विद्वानांचे लक्ष कोपऱ्यांकडे गेले. हे प्रकरण वर्गात करून पाहण्यासारखे आहे. घनाच्या एका कोपऱ्यात तीन चौरस भेटतात, म्हणजे ९० अंशांचे तीन कोन, बेरीज २७०. सपाट कागदावर एका बिंदूभोवती ३६० अंश असतात. म्हणजे ९० अंशांची तूट. घडण पसरल्यावर त्या कोपऱ्यापाशी जी फट पडते, ती हीच. असे ८ कोपरे, म्हणून एकूण तूट ७२०. आता चार त्रिकोणांची सूची घ्या. एका कोपऱ्यात ६० अंशांचे तीन कोन, बेरीज १८०, तूट १८०, कोपरे ४, एकूण पुन्हा ७२०! बारा पंचकोनांच्या आकृतीत प्रत्येक कोपऱ्याची तूट ३६ आणि कोपरे २०. गुणाकार करून पाहा. खोका लांबट असो, चपटा असो, वेडावाकडा असो, कुठे खळगा किंवा आरपार भोक नसले की बेरीज ७२० च येते.

हे देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने १६३० च्या सुमारास टिपून ठेवले होते. मूळ टिपण हरवले. पण लायब्निझने १६७६ मध्ये पॅरिसला त्याची नक्कल उतरून घेतली होती आणि ती जवळजवळ दोन शतकांनी, १८६० च्या सुमारास, हॅनोव्हरमध्ये सापडली. तोवर ऑयलरने १७५० मध्ये पृष्ठे, कडा आणि शिरोबिंदू यांचे प्रसिद्ध सूत्र वेगळ्या वाटेने शोधून काढले होते. पृष्ठे आणि शिरोबिंदू यांच्या बेरजेतून कडा वजा केल्या की २ उरतात. घनासाठी ६ अधिक ८ वजा १२. पाचवीतली मुले जे मोजून तक्त्यात भरतात, त्यातच हे सूत्र असते.

कोपऱ्यांत तूट असते म्हणून कोपऱ्यापाशी कापावे लागते, हे समजले की पुढचा प्रश्न आपोआप येतो. ज्याला कोपराच नाही त्या चेंडूचे काय? त्याची घडण कशी काढायची?

इथे मात्र न्यूरेंबर्गहून आपल्याकडे यावे लागेल, कारण या प्रश्नाचा विचार ड्यूररच्या पावणेचारशे वर्षे आधी आपल्या भास्कराचार्यांनी केला होता. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन केल्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे, म्हणून त्यांना ‘आपले’ म्हणतो. ११५० च्या ‘लीलावती’त गोलाच्या पृष्ठफळाचा नियम सांगताना ते त्या पृष्ठाला चेंडूभोवतीच्या जाळ्याची उपमा देतात. इंग्रजीत घडणीला जो शब्द आहे त्याचाही अर्थ जाळेच. अर्थात हा निव्वळ योगायोग.

त्याहून सुंदर आहे तो त्यांचा कापडाचा युक्तिवाद. त्यांच्या आधी होऊन गेलेल्या लल्ल या ज्योतिषाचार्याने गोलाच्या पृष्ठफळाचा चुकीचा नियम दिला होता. उत्तर फार मोठे येत असे. भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या गोलाध्यायात तो खोडून काढला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. चेंडूच्या परिघाच्या निम्मा व्यास असलेले गोल कापड घ्या आणि चेंडूवर पसरा. अर्धा चेंडू झाकला जातो, आणि तरी चुण्या पडून कापड थोडे उरतेच. या कापडाचे क्षेत्रफळ चेंडूच्या मध्यच्छेदाच्या सुमारे अडीच पट असते. मग अर्ध्या चेंडूचे पृष्ठ अडीच पटीहून कमीच असणार, आणि अख्ख्या चेंडूचे पाच पटीहून कमी. लल्लाचे उत्तर त्यात बसत नाही. खरे उत्तर चौपट. किती साधा पुरावा! त्या चुण्या म्हणजेच गोल सपाट होत नाही याची खूण. गोलाचा कोणताही तुकडा ताणल्याशिवाय सपाट होऊ शकत नाही याची पक्की सिद्धता पुढे १८२७ मध्ये गाउसच्या कामातून मिळाली.

म्हणजे चेंडूचा प्रश्न मिटला. त्याची घडण नाही. राहिल्या सपाट बाजूंच्या आकृत्या. त्यांची घडण मात्र निघतेच, असे सगळे धरून चालले होते.

माझ्या वर्गात पत्र्याचे डबे आणि नरसाळी करणाऱ्या एका कारागिराचा मुलगा होता. व्याख्या पाठ करण्यात तो कायम मागे, पण पुठ्ठा कापायला बसला की साऱ्या वर्गाच्या पुढे. खोक्याच्या सहा-सात वेगळ्या घडणी त्याने एका तासात काढून दाखवल्या. मग मान वर करून विचारले, “गुरुजी, कुठलाही डबा असा एका तुकड्यात पसरतो का? का एखाद्या वेळी पाकळ्या एकमेकींवर चढतील?” मी म्हणालो, “मला ठाऊक नाही बाबा. आपण करून पाहू.” आम्ही हाताशी होती ती सगळी खोकी कापली, आणि ती सगळी पसरली. सातवीनंतर त्याची शाळा सुटली, वडिलांच्या कामाला लागला.

नंतर वाचनात आले ते असे. हाच प्रश्न इंग्लंडमधल्या जॉफ्री शेपर्ड या गणितज्ञाने १९७५ मध्ये केंब्रिजच्या एका गणित-नियतकालिकात नेमक्या शब्दांत मांडला. कुठेही खळगा नसलेली, सपाट बाजूंची कोणतीही घनाकृती घ्या. तिच्या काही कडा कापून ती एका अखंड तुकड्यात, एकही बाजू दुसरीवर न चढता, सपाट पसरता येईलच का? गणितज्ञ याला ‘ड्यूररचा प्रश्न’ असेही म्हणतात. पन्नास वर्षे झाली. ‘होय’ हे कोणाला सिद्ध करता आलेले नाही, आणि ‘नाही’ म्हणायला एकही आकृती कोणाला सापडलेली नाही.

‘कुठेही खळगा नसलेली’ ही अट महत्त्वाची आहे. एका मोठ्या खोक्याच्या वरच्या बाजूच्या बरोबर मध्यभागी एक छोटा खोका चिकटवा. मोठ्याची वरची बाजू आता चौकोनी भोक असलेली चौकट झाली. छोट्या खोक्याच्या पाच बाजू उघड्या आहेत, आणि बाकी आकृतीशी त्यांचा संबंध फक्त त्या भोकाच्या कडांनी. उलगडल्यावर या पाच बाजू एक तर भोकात मावायला हव्यात, नाही तर चौकटीवर चढणार. पण भोक आहे एकाच बाजूच्या मापाचे! एका जणाच्या जागेत पाच जण कसे बसतील? म्हणून या आकृतीची घडण निघत नाही. हे तर पाचवीतल्या मुलालाही पटते.

खळगा नसलेल्या आकृतीतही भलत्याच कडा कापल्या तर पाकळ्या एकमेकींवर चढू शकतात. प्रश्न असा की, योग्य कडा निवडण्याची एक तरी रीत नेहमीच असते का? कडांचा नियम सोडून बाजूंच्या मधूनही कात्री चालवायची मुभा दिली, तर खळगा नसलेली प्रत्येक आकृती पसरता येते, हे सिद्ध झाले आहे. २०१४ मध्ये मोहम्मद घोमी या अमेरिकेतल्या गणितज्ञाने आणखी एक पाऊल टाकले. अशी कोणतीही आकृती एका दिशेने पुरेशी ताणून लांबवली, तर तिची घडण निघतेच. पण न ताणता? तिथे अजून अंधार आहे.

आता मला जे म्हणायचे आहे ते एवढेच. घडणीचा तास म्हणजे सोपा तास, हस्तकलेचा तास, अभ्यासात मागे असलेल्या मुलांना रमवायचा तास, असे आपण धरून चालतो. हाताने करायचे ते कमी प्रतीचे आणि पाठ करायचे ते वरच्या प्रतीचे, ही वाटणी आपल्या शाळांत मुरलेली आहे. पण हा इतिहास उलट सांगतो. युक्लिडनंतर अठराशे वर्षांनी सोनाराच्या एका मुलाने कंपास-पट्टी घेऊन, आपल्या बोलीत, कारागिरांसाठी पुस्तक लिहिले, आणि त्यातल्या चित्रांमधून असा प्रश्न निघाला की आजचे मोठमोठे गणितज्ञ त्याच्यापुढे थांबले आहेत. पत्रा कापणाऱ्या घरातल्या मुलाला तो सुचला यात मला नवल वाटत नाही. पत्रा वाया जाऊ नये याची काळजी ज्या घरात रोज असते, तिथेच तो सुचणार.

आणि दुसरे असे, की मुलांना गणित म्हणजे फार पूर्वी कोणीतरी पुरे करून ठेवलेली गोष्ट वाटते. सगळी उत्तरे पुस्तकाच्या मागच्या पानांवर असतात, आपण फक्त ती जुळवायची. इतिहासाच्या तासाला तरी आपण सांगतो की अमुक गोष्टीबद्दल पुरावा नाही. गणिताच्या तासाला असे म्हणायची संधीच येत नाही. पाचवीच्या धड्यात ती संधी आहे. शिक्षकाने ‘हे अजून कोणालाच माहीत नाही’ असे वर्गात एकदा म्हणून पाहावे. मुलांचे डोळे कसे होतात ते बघण्यासारखे असते.

असो. लांबण लागली. घरात नातवंडे असतील तर साबणाची, औषधाची, मिठाईची रिकामी खोकी टाकून देऊ नका. कात्री द्या त्यांच्या हातात. वहीच्या चौकटीच्या कागदावर घनाच्या अकराही घडणी सापडतात का पाहा. साधारण सात-आठ सहज सापडतात, शेवटच्या दोन-तीन मात्र घाम काढतात. तुम्हाला किती सापडल्या ते जरूर कळवा.